नळीचा न्याय

प्राचीन ग्रीकांमुळे माझे सासरे आमच्या घरातून उपाशी उठणार होते. यात ग्रीकांचा काही दोष नाही. ती माणसं थोरच होती. दोष माझा.

माझा मेहुणा सुनील. त्याच्या लग्नात सगळ्यांना फेटे बांधवून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. मी निम्म्या दापोडीला फेटे बांधवले (एक जण तर नुसता पत्ता विचारायला आला होता!) आणि नेमके नवरदेवाचे वडील, म्हणजे आमचे अण्णा, राहिले. तेव्हापासून अण्णांनी माझ्याशी बोलणं टाकलं. शेवटी बायकोनं, रंजनानं, हातापाया पडून सगळ्यांना आमच्याकडे मटणाला बोलावलं आणि मला बजावलं, "मटणातली नळी मानाची, ती अण्णांच्या ताटात. बाकी डोकं चालवू नका!"

डोकं चाललं. आमची लेक पल्लवी स्पर्धा परीक्षेसाठी तत्त्वज्ञान वाचते आणि मी चाकणहून शिफ्ट करून आलो की मलाही शिकवते. आदल्याच दिवशी तिनं सांगितलं होतं, "बाबा, उत्तम बासरी कुणाला द्यायची? श्रीमंताला नाही, थोरल्याला नाही. जो ती उत्तम वाजवतो त्याला! हा ग्रीकांचा न्याय." मी थक्क झालो. इतकी साधी गोष्ट आमच्या कंपनीत एकाही प्रमोशनच्या वेळी कुणाला सुचली नव्हती!

पंगत बसली. मी वाढायला उभा राहिलो. पळीत नळी आली. पातेल्यात एकच! समोर अण्णा, कवळी काढून खिशात ठेवलेली. शेजारी सुनील, एका दमात नळी रिकामी करणारा, खालच्या मजल्यावर आवाज जाईल असा. माझ्यातला ग्रीक जागा झाला. नळी सुनीलच्या ताटात पडली.

रंजनानं डोळे मिटले.

"अण्णा, यात अपमान नाही," मी घाईघाईनं म्हणालो. "ज्याला जे उत्तम जमतं, ते त्याला. न्याय आहे!"

अण्णांनी ताट सरकवलं. मग, बऱ्याच महिन्यांनी, माझ्याशी पहिलं वाक्य बोलले, "असं व्हय? मग तुमच्या हातात पळी कशाला? रंजे, तू घे!"

पळी गेली.

"दाजी, गाडी तर मी तुमच्यापेक्षा भारी चालवतो," सुनील नळीतून बोलला. "चावी?"

"झोपायचं मलाच उत्तम जमतं," सासूबाई म्हणाल्या. "आतला एसी लावून ठेवा."

पल्लवीनं टीव्हीचा रिमोट घेतला. ग्रीकांचा विचार किती पक्का, ते पाहून मला आदरानं भरून येत होतं आणि घर रिकामं होत होतं!

"थांबा," अण्णा म्हणाले. "जावईबापूंना काय जमतं, ते सांगा. तेवढं त्यांना द्या. उगं अन्याय नको."

सगळे विचारात पडले. सासूबाईंनी छताकडे पाहिलं.

"माफी मागायला!" रंजना एकदम म्हणाली. "यांच्यासारखी कुणाला जमत नाही. रोजचा सराव आहे."

मग काय! मी फेट्यापासून सुरुवात केली, नळीवर आलो, मध्ये स्वतःला दोन शिव्या घातल्या, गळा दाटू दिला आणि वाकून पाय धरले. अण्णांनी ताट पुढे ओढलं. खिशातून कवळी काढून बसवली, मान डोलावली आणि म्हणाले, "झ्याक! परत एकदा होऊ द्या!"

आयुष्यात मला एकदाच वन्स मोअर मिळाला, तो असा.