एकाच ताग्यातले दोन शर्ट

“दोन्ही जावयाईले एकाच ताग्यातले शर्ट शिवले व्हते, बाई. एकाले भारी अन् एकाले हलकं, असं नाई चालत.”

मुकुटबनजवळच्या एका गावात ओसरीवर बसलेली म्हातारी शेजारणीला सांगत होती. मी अंगणात उभी होते. अंगावर वर्दी होती आणि सांगायला आनंदाची बातमी होती. ते वाक्य कानावर पडलं आणि बोलायला उघडलेलं तोंड मी मिटून घेतलं. पोलीस खात्यात मी थोडीच वर्षं उपनिरीक्षक होते, मग राजीनामा दिला. पण खात्यातली एखादी आठवण सांग असं कुणी म्हटलं की मी हीच सांगते.

दूरच्या एका मोठ्या शहरात, गर्दीच्या बाजारात दहशतवाद्यांनी स्फोट घडवला होता. म्हातारीचे दोन्ही जावई त्या शहरात बांधकामावर होते आणि त्या दिवशी सोबतच बाजारात गेले होते. धाकट्या जावयाचा मृतदेह मिळाला. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता, म्हणून त्याच्या भावाने शर्टावरून ओळख पटवली. अंत्यसंस्कार झाले, तेरावंही झालं. थोरला जावई बेपत्ताच होता. दोघी बहिणी माहेरी आल्या होत्या, धाकटी कोरं कपाळ घेऊन आणि थोरली वाट बघत.

त्या सकाळी ठाण्यात फोन आला. तिथल्या रुग्णालयातल्या एका जखमीचं नाव अजून कुणालाच माहीत नव्हतं. तो शुद्धीवर नव्हता, चेहरा पट्ट्यांत गुंडाळलेला होता. त्याच्या कापून काढलेल्या शर्टाच्या कॉलरवर मात्र आमच्या जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या शिंप्याची पट्टी होती. आमच्या भागातला बेपत्ता माणूस एकच. ठाणेदारांनी मला आणि आमच्या हवालदारांना लगेच गाडीत बसवलं. म्हणाले, थोरलीला सांगा, नवरा सापडला.

हवालदारांचा चेहरा रस्ताभर फुललेला होता. अशी बातमी घेऊन जायला पोलिसाला कितीदा मिळते? अंगणात पोचताच ते बोलणार, तेवढ्यात मी त्यांची बाही धरली.

“काय झालं, मॅडम?”

“थांबा. आजी, शर्टाचा रंग कोणता होता?”

“जांभया. त्यावर पांढऱ्या चौकटी. धोंड्याच्या महिन्यात वाण देलं ना जावयाईले. शिंपीबी एकच.”

मृतदेहाच्या पंचनाम्यात जांभळा चौकटीचा शर्ट होता. ओळख पटवणारा भाऊ धाकट्याच्या घरचा. थोरल्या साडूलाही तसाच शर्ट मिळालाय, हे त्याला कोण सांगणार? रुग्णालयातला माणूस दोघांपैकी कोणीही असू शकत होता.

मी दोघी बहिणींना समोर बसवलं. एका जखमीची ओळख पटवायची आहे, एवढंच सांगितलं. आमच्या नमुन्यातले प्रश्न इथे निरुपयोगी होते. उंची मध्यम, बांधा सडपातळ, रंग सावळा, दोघींचंही उत्तर तेच. शिवाय माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, त्यामुळे सरकारी मराठी माझ्या तोंडात अडखळायची. शेजारीण कुजबुजली, “हे पोलीस हाय का बँकेवाली?” हवालदार मिशीत हसले.

शेवटी मी कागद बाजूला ठेवला. “ताई, ते घरी कसे असायचे, ते सांगा ना.”

थोरली आधी बोलली. “फोन केला का पयले बैलाचं इचारे. लाल्या पाणी पेला का, लाल्यानं कडबा खाल्ला का. मंग म्हणे, अन् तू कशी हायेस? मी म्हणो, लाल्यालेच फोन देतो, थांबा.” बाजारातून कोथिंबीर आणायला तो हटकून विसरायचा आणि विसरलो न म्हणता ‘महाग व्हती’ म्हणायचा. सांगता सांगता ती हसली. नवरा येणार आहे, अशा खात्रीने ती बोलत होती.

मग धाकटी पदराशी चाळा करत म्हणाली, “त्याहिची चप्पल टिकतच नोती. डाव्या पायाची करंगळी बाजूच्या बोटावर चढेल हाय. लग्नात मी म्हणलं, हे बोट कायले सासुरवास करून राह्यलं दुसऱ्याले?”

“आणि तुमच्या नवऱ्याचं, ताई?”

“सरळ बोटं हायेत त्याहिची,” थोरली म्हणाली.

मी जवळजवळ धावतच गाडीपाशी गेले. रुग्णालयातल्या नर्सला फोन लावून म्हटलं, चादर बाजूला करा, डावा पाय बघा. दुसरीकडे हवालदारांनी शहरातल्या पोलिसांकडे पंचनाम्याच्या वेळी काढलेले मृतदेहाच्या पायांचे फोटो मागितले. माझ्या फोनमध्ये पावलं टाकल्याचा आवाज, पलंगाची कुरकुर. नर्सचं बोलणं मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

“हो, मॅडम. करंगळी वर चढलेली आहे. आणि हात लावला तर त्यांनी पाय ओढून घेतला.”

मृतदेहाचे फोटो आले. पाय शाबूत होते, बोटं सरळ. ठाणेदारांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, खात्री झाली असेल तर बोला, डीएनएसाठी नमुने पाठवू. पुढे अहवालही तसाच आला. धाकटीचा नवरा तीन पायांच्या काठीने का होईना, चालत घरी आला.

ओळख पटवताना आपण शरीराच्या खुणा विचारतो. माणसाची खूण त्याच्यावर हसणाऱ्याला ठाऊक असते, हे मला त्या ओसरीवर कळलं. मृतांच्या यादीत थोरल्याच्या नावापुढे वय आणि गाव आहे. त्या स्फोटाचा विषय निघाला की मला मात्र बैलाची चौकशी करणारा, कोथिंबीर विसरणारा माणूस आठवतो. मी त्याला कधी पाहिलंही नाही.

त्या दिवशी गाडीपाशी हवालदार म्हणाले, “मॅडम, मी सांगू का?” त्यांना माझा स्वभाव माहीत होता. ठाण्यात मी चार माणसांसमोर चहासुद्धा मागत नसे. मी नकारार्थी मान हलवली, अंगणात परत आले आणि दोघींच्या मधे जमिनीवर बसले. दोघीही माझ्याकडे बघत होत्या. मी थोरलीचा हात हातात घेतला, मग धाकटीचा.

“धाकट्या ताईंचा नवरा जिवंत आहे,” मी म्हणाले. “आणि ताई, ज्यांना सगळ्यांनी अग्नी दिला, ते तुमचे होते.”