साळव्यांच्या खोलीचा हीट लोड

"अगं, ही मघापासून भिंतीशीच बोलतेय," स्वयंपाकघरातून आवाज आला.

मी टेप धरून आकडे पुटपुटत होते. इंग्रजीत. शाळेपासूनची सवय. ऐकलंच नाही असं दाखवून मी खिडकीची रुंदी लिहिली.

बोलणाऱ्या मावशी परभणीहून मुलांना घेऊन मे महिन्याच्या सुट्टीला आल्या होत्या. घर त्यांच्या धाकट्या बहिणीचं, सुजाता वहिनींचं. ठाण्यात खोपटला, एसटी डेपोच्या मागे, अगदी वरच्या मजल्यावर. वहिनींचे मिस्टर, साळवे, डेपोत मेकॅनिक. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. अशा घरांत तेव्हा एसी नसायचा. यांच्याकडे होता, कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला, एक टनाचा विंडो एसी. कारण त्यांची मुलगी, मैत्री.

ती सात वर्षांची. तिला जन्मापासून घाम येत नव्हता. उकाडा वाढला की अंग तापायचं. एकदा झटकाही येऊन गेला होता. ती दिवसभर ओला फ्रॉक घालून एसीच्या खोलीत बसायची. मी टेप गुंडाळत होते, तेव्हा तिने माझ्या कपाळाला बोट लावलं.

"तुला किती येतो गं!" ती म्हणाली. कौतुकाने.

एप्रिलभर एसीने खोली गार ठेवली. मे महिन्यात खोली तापायला लागली. एसी चालूच होता, मशीनमध्ये दोष नव्हता.

"घरात माणसं वाढली, दुसरं काय," साळवे म्हणाले.

"म्हणजे आम्हीच तापवली होय खोली?" मावशी आतून.

साळवे माझ्याजवळ सरकले. मग हळू आवाजात मला म्हणाले, "मॅडम, मोठा एसी कसाही घेईन. पण वायरमन म्हणतो, बिल्डिंगची लाइन तेवढा लोड घेणार नाही. नाहीच जमलं तर हिला इगतपुरीला बहिणीकडे ठेवावं लागेल. तिकडे हवा थंड आहे. शाळा पण मग तिकडेच."

मैत्री ऐकत होती.

आमच्या धंद्यात हीट लोड म्हणजे खोलीत शिरणारी एकूण उष्णता. भिंती, स्लॅब, खिडक्या, माणसं, दिवे, सगळ्यांची बेरीज करायची आणि तेवढी उष्णता बाहेर फेकेल असा एसी निवडायचा. मी बेरीज केली. पुन्हा केली. खालच्या वाण्याच्या दुकानातून आमच्या एसी कंपनीतल्या माझ्या साहेबांना, भिडे सरांना फोन लावला.

"सर, एक टन पुरायला हवा."

"पुरायला हवा, पण पुरत नाहीये ना? मग दीड टनाचं कोटेशन. मी कॅटलॉग घेऊन येतोच."

"येस सर."

जिना चढताना मात्र माझी पावलं भराभर पडायला लागली. बेरीज बरोबर, मशीन बरोबर, तरी खोली तापते. म्हणजे कुठून तरी अशी उष्णता शिरतेय, जी मी मोजलेलीच नाही. एसी खोलीतली थोडी हवा बाहेर टाकतो. तेवढी हवा कुठून तरी आत येणारच. कुठून, ते धूर सांगेल.

"वहिनी, अगरबत्ती आहे का?"

त्यांनी बुद्धमूर्तीजवळच्या पुड्यातली एक पेटवून दिली. मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. "बुद्धपौर्णिमा झाली की गं! आता कसली अगरबत्ती फिरवतेस?"

मी हसले आणि काम चालू ठेवलं. दाराच्या फटीशी धूर जेमतेम हलला. खिडकीपाशी सरळ वर गेला. पोटमाळ्याच्या झडपेपाशी हात नेला आणि धूर एकदम आडवा होऊन खोलीत धावला.

"परत!" मैत्री ओरडली.

परत तसंच.

मी स्टुलावर चढले. झडप उघडली तर तळलेल्या मिरचीच्या वासाची गरम झळ थेट तोंडावर आली. समोर अंधार, आणि अंधारापलीकडे स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट! पोटमाळा दोन्ही खोल्यांना मिळून एकच होता. मध्ये भिंत नव्हतीच. शेगडीची सगळी वाफ वर चढून, तापलेल्या स्लॅबखालून या खोलीत उतरत होती. प्लॅनवर पोटमाळा तुटक रेघेने दाखवतात. मी तिथे अख्खी भिंत धरली होती.

पण मग एप्रिलमध्ये काय होतं?

"वहिनी, इथे काय ठेवता?"

"गाद्या. पाहुण्यांच्या. वरपर्यंत ठासून भरलेल्या असतात."

"काढल्या कधी?"

"ताई आली त्या दिवशी."

आम्ही सगळ्यांनी हॉलकडे पाहिलं. तिथे गाद्यांच्या ढिगावर मावशींची मुलं उड्या मारत होती. एप्रिलभर उष्णता अडवली होती ती या कापसाने.

साळवे वर चढले. मुलांनी गाद्या ओढत आणल्या. आम्ही एकेक वर ढकलली आणि कडा दाबून बसवल्या. शेवटची मावशींनी स्वतः उचलून दिली. "घ्या. आता आम्ही चटईवर. पण खोली माझ्यामुळे तापली असं त्या कागदावर लिहू नकोस हं, बाई."

कडीला टांगलेल्या थर्मामीटरसमोर मैत्री बसली. "एकतीस," ती वाचायची. मग बराच वेळ काही नाही. मग, "तीस! आई, तीस!" पारा सव्वीसवर आला तेव्हा वहिनी फ्रॉक ओला करायला तांब्या घेऊन आल्या. मैत्रीने हात मागे घेतला.

"नको. गार वाटतंय."

वहिनी तांब्या धरून तशाच उभ्या राहिल्या.

पुढे पोटमाळ्यात प्लाय आणि थर्मोकोलचा आडोसा बसला. जूनमध्ये मैत्री ठाण्यातल्याच शाळेत गेली. मी शिकले ते इतकंच की प्लॅनवर जे तुटक रेघेत असतं, ते आधी स्टूल लावून बघावं.

त्या दुपारी मात्र यातलं काहीच ठरलं नव्हतं. भिडे सर कॅटलॉग घेऊन दारात आले. साळवे त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

"काय मग, दीड टन ना?" सरांनी विचारलं.

'येस सर' अगदी जिभेवर होतं.

"नाही सर," मी म्हणाले, आणि माझा आवाज जिन्यापर्यंत गेला. "एसी बदलायचा नाही. सुतार पाठवा."