डझनाखाली मिळत नाही

माझ्या आत्याला आमच्या गल्लीत ‘आहेबाई’ म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. दुकानात कोणी शिरलं आणि चहापासून चपलेच्या खिळ्यापर्यंत काहीही मागितलं, की मान वर न करता ती आधी ‘आहे’ म्हणायची आणि मग हात लांब करायची. दुकान म्हणाल तर केवढं, तीन गिऱ्हाइकं आत आली की चौथ्यानं पायरीवर थांबायचं. तेवढ्यात दोनशेच्या वर जिन्नस. तिनं कोणाला ‘नाही’ म्हणून परत पाठवल्याचं गल्लीत कोणाला आठवत नव्हतं. माझ्यादेखत मात्र ती एकदा ‘नाही’ म्हणाली, आणि त्यात माझाही हात होता.

मी तिच्याकडे राहायला आले तेव्हा तिशीत होते. नोकरी सुटली होती आणि अक्कल मात्र शाबूत आहे अशी माझी समजूत होती. आत्याला मूलबाळ नाही, दुकान आजोबांनी तिच्या हवाली केलेलं, आणि तिचे गुडघे आता जिन्याच्या दर पायरीला कुरकुरत होते. पहिल्याच आठवड्यात मेणबत्त्यांचा विक्रेता आला. दहा पेट्यांवर दोन फुकट. मी लगेच बारा उतरवून घेतल्या आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले.

“ठेवणार कुठे?” आत्यानं विचारलं.

“ठेवू की कुठंतरी.”

“कुठंतरी नावाची फळी आपल्याकडे नाही. आणि जागा काय तुझ्या बापाची आहे?” जरा थांबून तिनं स्वतःच दुरुस्ती केली, “तुझ्या बापाची नाही. माझ्या बापाची आहे.”

त्या पेट्या माझ्या खाटेखाली गेल्या. दीड वर्ष रोज सकाळी उठताना माझ्या पायाच्या अंगठ्याला त्यांची ठेच लागायची आणि आत्या न्हाणीघरातून विचारायची, “लागलं का गं फुकटचं?”

तिची रीत मला कळायला वेळ लागला. ती म्हणायची, माल फळीवर नसतो, लोकांच्या घरात असतो. शिंपीणबाईंच्या घरी चार माणसं, किलोभर साखर नऊ दिवस जाते. दाराबाहेर अनोळखी चपला दिसल्या की सातच दिवस. शाळेतल्या बाई परीक्षेचे पेपर तपासायला बसल्या की त्यांना चहा दुप्पट लागतो. कोपऱ्यावरच्या बिऱ्हाडात बाळ आलं, म्हणजे आता वर्षभर कपड्यांचा साबण जास्त मागवायचा. कोणाच्या डब्याचा तळ कधी दिसणार हे त्या घरच्या बाईच्या आधी आत्याला समजायचं. गल्लीतून ती उगाच फिरायची नाही. फिरली की दोन गोष्टी मागवायच्या ठरवून यायची. मी तिला म्हणायचे, तू दुकानदार नाहीस, चोरून भांडी मोजणारी शेजारीण आहेस. त्यावर ती खूश व्हायची.

तिच्या कानावर कायम एक जाड पेन्सिल असायची, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आलेल्या पुड्यांवर निळा ठिपका, दुसऱ्या पंधरवड्यातल्यांवर लाल. नवा माल मागे, जुना पुढे. मी एकदा घाईत नवी बिस्किटं पुढे लावली, तर तिनं स्टुलावर बसून अख्खी फळी माझ्याकडून उतरवून पुन्हा लावून घेतली. रविवारी दुपारी दुकानाचं दार अर्धं ओढून आम्ही माल मोजायचो. मी पुडे मोजायच्या आधी ती डोळे मिटून आकडा सांगायची. आगपेट्या अठ्ठेचाळीस. मीठ तेरा. चुकली तर मला पेपरमिंट. वर्षभरात मला दोन पेपरमिंट मिळाल्या, आणि त्यातल्या एका वेळी बिस्किटाचा पुडा मीच खाल्लेला होता. आज त्या रविवारांची इतकी आठवण येते, की मोजताना कधीकधी आकडा सांगायला कोणी नाही म्हणून मी मध्येच थांबते.

आता घड्याळकाका. आमच्या समोरच्या माडीवर राहायचे, तिथंच खिडकीत बसून घड्याळं दुरुस्त करायचे. वय ऐंशीला टेकलेलं, एकटा जीव, पण रोज सकाळी आठ वाजता दाढी झालेली असायची. दाढीसाठी ते पत्र्याच्या चपट्या डबीतला गोल साबण वापरायचे. ब्रश ओला करून त्यावर घुमवायचा, तसला. बाकी सगळं जग केव्हाच ट्यूबवर गेलं होतं. गल्लीत तो साबण एकटे काकाच घ्यायचे, सात आठवड्यांना एक. आत्या त्यांच्यासाठी सहा-सहा मागवायची आणि वरून दुसऱ्या फळीवर उजव्या कोपऱ्यात ठेवायची. सात आठवडे झाले की काका दारात उभे राहायच्या आधी तिचा हात त्या कोपऱ्यात गेलेला असायचा.

एका दुपारी काकांना छातीत कळ आली. त्यांना खाली उतरवलं तेव्हा तोंडावर मास्क होता आणि एक पाय खुर्चीबाहेर लोंबत होता. शिंपीणबाई म्हणाल्या, “काही खरं नाही.” पंधरा दिवस गेले, महिना गेला. इस्पितळातून येणारी बातमी प्रत्येक वेळी आधीपेक्षा वाईट. माडीची खिडकी बंदच. मग साबणाचा विक्रेता आला. फळीवरचा शेवटचा गोल साबण काकांनी आजारी पडायच्या सहा आठवडे आधी नेला होता, म्हणजे घरचाही संपतच आलेला असणार.

“गोल साबण हवा का?” त्यानं विचारलं. “आता सहा नाही देता येणार. कंपनीचा नियम आहे, डझनाखाली मिळत नाही.”

आत्यानं समोरच्या बंद खिडकीकडे पाहिलं. मी तिच्या शेजारी उभी होते, आणि तोवर मलाही हे काम येऊ लागल्याचा माज होता. मी म्हणाले, “बारा घेऊन करायचं काय? आता कोण वापरणार?”

आत्यानं मालाची वही पुढे ओढली. कानावरची पेन्सिल काढून तिनं गोल साबणाच्या ओळीवर लाल रेघ ओढली. त्याच संध्याकाळी मी तो कोपरा पुसला आणि तिथं शाम्पूच्या बाटल्या लावल्या. तिच्या रीतीप्रमाणे त्यात चूक काहीच नव्हती.

अडीच महिन्यांनी काका परत आले.

अंगावरचा सदरा दुसऱ्याचा वाटावा इतके वाळले होते. हातात काठी, आणि तोंडभर पांढरी दाढी. पायरी चढायला त्यांना दोन मिनिटं लागली. आम्ही दोघी बाहेर धावलो तर त्यांनी हातानंच थांबवलं. आत येऊन, दम खाऊन म्हणाले, “पोरी, साबण दे. आधी हे जंगल कापतो.”

आत्या सवयीनं ‘आहे’ म्हणून बसली. हात वरच्या दुसऱ्या फळीवर गेला, शाम्पूला लागला आणि तसाच राहिला. मग तो खाली आला.

“नाही, काका,” ती म्हणाली. “संपलाय.”

“कधी संपला?”

आत्याला खोटं बोलता यायचं नाही. मला येतं, पण मला सुचायच्या आत ती बोलून गेली, “मागवलाच नाही.”

काकांनी फळीकडे पाहिलं, शाम्पूच्या बाटल्यांकडे पाहिलं, मग आपल्या काठीकडे. आयुष्यभर बारीक चाकं बघितलेला माणूस. त्यांना समजायला वेळ लागला नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

“दुकानदार म्हणून बरोबर केलंस,” ते शांतपणे म्हणाले. “माल पडून राहिला असता. बरं, साखर दे. पाव किलो.”

काका नेहमी किलोभर घ्यायचे. आत्यानं किलोचा पुडा पुढे केला तर म्हणाले, “पावच दे. एवढ्यात भागेल.”

त्यानंतर काकांनी दाढी केली नाही. मी त्यांना ट्यूब नेऊन दिली, ती त्यांनी गोड बोलून परत दिली. आणि दुकानात ते सगळंच थोडं थोडं घेऊ लागले. मेणबत्ती मागायची तर एक. आगपेटी एक. तांदूळ ओंजळभर म्हणावे इतके. दर वेळी तेच, एवढ्यात भागेल. आत्यानं त्यांच्या नावावर रेघ ओढली होती, आणि आता ते स्वतः त्या रेघेप्रमाणे वागत होते. पांढरी दाढी गल्लीतून येत-जात राहिली. त्या दिवसांत आत्या रविवारी आकडे चुकायला लागली. मला एका महिन्यात चार पेपरमिंट मिळाल्या आणि एकही गोड लागली नाही.

“मीच म्हणाले होते ना घेऊ नको,” मी एकदा म्हणाले.

“तू म्हणालीस,” आत्या म्हणाली. “रेघ मी ओढली.”

साबणाचा विक्रेता आला तेव्हा त्यानं हात वर केले. एवढ्याशा दुकानासाठी कंपनी तो माल आता पाठवतच नव्हती. मग एका सकाळी आत्यानं दुकान बंद ठेवलं. मोडक्या गुडघ्यांनी दोन बस बदलून आम्ही घाऊक बाजारात गेलो. चार दुकानांत माणसं आम्हाला हसली. पाचव्या ठिकाणी एक म्हातारा मालक माळ्यावर चढला, बराच वेळ शिंकला आणि धुळीनं भरलेलं खोकं घेऊन उतरला. बारा डब्या, एकही गंजलेली नाही. त्यानं ते अर्ध्या किमतीला दिलं असतं; आत्यानं भावसुद्धा केला नाही. घासाघीस न करणारी आत्या मी तेवढी एकदाच पाहिली.

परत आल्यावर ती तशीच काकांच्या माडीवर चढली. मी मागून तिला ढकलत होते म्हटलं तरी चालेल. काका खिडकीत बसले होते. मागच्या भिंतीवर खिळ्यांना अकरा घड्याळं टांगलेली, सगळी चालू. ती दुरुस्तीला आलेली आणि कोणी न्यायलाच न आलेली होती. काही तर माझ्या जन्माआधीची. काका एकेक उतरवून त्यांना किल्ली देत होते. ते परत आल्यापासून रोज देत असणार.

“अजून किल्ली कशाला देता?” मी विचारलं.

“माणूस आलाच तर बंद घड्याळ कसं देऊ हातात?”

ते सहज म्हणाले, टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नव्हता. पण आत्या दारातल्या खुर्चीवर बसलीच. तिचे डोळे भरले होते. तिनं पिशवीतून खोकं काढलं आणि काकांच्या टेबलावर ठेवलं. काकांनी डब्या बोटानं मोजल्या.

“बारा?”

“डझनाखाली मिळत नाही.”

“सात आठवड्यांना एक.” काकांनी मनात गणित केलं. “दीड वर्षाच्या वर झालं, पोरी.”

“मला येतं गणित,” आत्या म्हणाली. “एक ठेवून घ्या. बाकीचे अकरा फळीवर राहतील. संपला की यायचं.”

काका बराच वेळ डबी हातात फिरवत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ते आले तेव्हा हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेलं होतं, आणि चेहरा तर मूठभर झाला होता. काठी टेकवून त्यांनी साखर मागितली.

“किती?” आत्यानं विचारलं. तिचा हात थांबलेला मला दिसत होता.

“किलो. किती म्हणजे काय?”

काकांनी त्यातले आठ साबण वापरले. आठवा संपत आला असताना एके दिवशी खिडकी उघडलीच नाही. चार डब्या कोपऱ्यात राहिल्या. मी कधी त्यांचा विषय काढला नाही आणि आत्यानं कधी तिथं दुसरं काही लावू दिलं नाही. दर रविवारी ती डोळे मिटून सांगायची, गोल साबण चार, आणि मी खरंच मोजायचे.

पुढे सहा वर्षांनी आत्याच इस्पितळात गेली. डॉक्टर माझ्याशी बोलले ते दाराबाहेर नेऊन बोलले, तेव्हाच मला समजलं. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं. वह्या-पेन्सिलींचा विक्रेता आला. गल्ल्यात आत्याच्या लाल-निळ्या पेन्सिलीचं बोटभर थुटूक उरलं होतं. मालावर आता छापील तारखा येत होत्या, मला ठिपक्यांची गरज नव्हती. ती पेन्सिल आत्याशिवाय कोणी वापरत नव्हतं.

“कोण घेतं हो आता ही?” विक्रेता म्हणाला. “आणि सुटी नाही मिळायची. बाराची डबी येते.”

मी वहीत पाहिलं. आत्याला एक पेन्सिल चार महिने जायची. माझ्या हातात पेन होतं, आणि आत्यानं शिकवलेलं सगळं मला येत होतं.

“दे,” मी म्हणाले.

संध्याकाळी मी ती डबी इस्पितळात नेली. आत्यानं पडल्या पडल्या झाकण उघडलं आणि अंगठ्यानं एकेक पेन्सिल सरकवत मोजल्या.

“बारा,” ती म्हणाली. “चार वर्षांची झाली की गं.”

“डझनाखाली मिळत नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग छताकडे. पापण्या ओल्या झाल्या तशी तिनं तोंड वाकडं केलं.

“वर फुकट काही दिलं का त्यानं?”

“नाही.”

“मग ठीक आहे. एक तासून दे. दोन्ही टोकं.”

ती घरी आली. स्टुलावर बसून, छापील तारखा असलेल्या मालावर तिनं पावणेदोन वर्षं लाल-निळे ठिपके घातले, आणि मी ते घालू दिले. पाच पेन्सिली तिनं संपवल्या. आज दुकान मी बघते, मालाची यादी फोनवर असते आणि एक इंच फळी मी वाया जाऊ देत नाही, तो कोपरा सोडून. रविवारी दार अर्धं ओढून मी मोजायला बसते. आगपेट्या छत्तीस, मीठ अकरा, गोल साबण चार, लाल-निळ्या पेन्सिली सात.