दोन बोटं नितळ काच

माझ्या मामाच्या स्वयंपाकघरातली खिडकीची काच दुधाळ आहे. उजेड आत येतो, बाहेरचं काही दिसत नाही. फक्त डाव्या कडेला दोन बोटं रुंदीची पट्टी नितळ राहिली आहे. नवखा माणूस म्हणतो, "काच बदला की हो." मामी म्हणते, "नवरा बदलीन, काच नाही."

मामा प्रवासी विमान चालवायचा. घरात त्याला साखरेचा डबा सापडायचा नाही, आभाळात मात्र कधी वाट चुकला नाही. एका संध्याकाळी समुद्रावरून जाताना समोर करडा ढग आला. पावसाचा वाटला. होती ती दूरच्या ज्वालामुखीनं उधळलेली राख. आत जळक्या गंधकाचा वास भरला आणि एकामागून एक इंजिनं गप्प झाली.

"चारही बंद," शेजारचा सहवैमानिक म्हणाला.

"नीट बघितलंस?"

"बघितलं. पाचवं असतं तर तेही पडलं असतं बंद."

मागच्या एवढ्या माणसांचं ओझं तेव्हा पहिल्यांदा खांद्यांना कळलं, असं मामा सांगतो. तुटल्या पतंगासारखं विमान खाली येत होतं. तो इंजिनं पुन्हा पुन्हा चालू करून बघत होता. राख संपली, स्वच्छ हवा लागली, तेव्हा एक इंजिन खोकलं आणि सुरू झालं. मग दुसरं, तिसरं. चौथं रुसलेलंच राहिलं.

विमानतळ आला, पण राखेनं समोरची काच घासून आंधळी केली होती. दिव्यांचा नुसता पिवळा चिखल दिसत होता. मामा खुर्चीत तिरका झाला, गाल कडेला नेला. तिथं चौकटीच्या आडोशानं वाचलेली दोन बोटं काच होती. तिच्यातून धावपट्टीची एक कड दिसली. सहवैमानिक उंची सांगत राहिला, मामा ती कड धरून उतरला. कुणाला साधं खरचटलंही नाही.

मोडीत निघालेली ती काच मामानं मागून आणली. मामी खूश झाली. "न्हाणीघराला बरी आहे." मग तिला पट्टी दिसली. "अगंबाई, यातून तर सगळं दिसतं!"

"हो. त्यातूनच मी घरी आलो."

मामीनं न्हाणीघराचा विचार सोडला. काच स्वयंपाकघराला, रस्त्याच्या बाजूला बसली. त्या काचेपुढं माझी मान आजही आपोआप लवते.

आता मामा निवृत्त आहे, फार तर कोपऱ्यापर्यंत फिरून येतो. तरी मामी पट्टीला गाल लावून उभी राहते. त्याची टोपी दिसली की चहाचं आधण ठेवते, आणि तो दारात पाऊल टाकतो न टाकतो तोच ओरडते, "अहो, साखरेचा डबा काढा. उजवीकडे आहे, उजवीकडे!"