ग्यानबाचा घसा

आसेगावच्या ग्यानबाचा आवाज असा, की त्याने घरात बायकोकडे चहा मागितला तर शेजारच्या दोन घरांत आधण चढायचं. या आवाजावरच त्याचं पोट होतं. हरभरा घाट्यावर आला की शेषरावाच्या वावरात दिवसभर बसायचं आणि वानरं आली की ओरडायचं, हे त्याचं काम. तीस हिवाळे त्याने ते केलं, आणि मन लावून केलं. कळपातल्या एकेका वानराला त्याने सासरच्या माणसांची नावं दिली होती. सगळ्यांत लबाड हुप्प्या म्हणजे थोरला मेहुणा. त्याला शिव्या घालताना ग्यानबाच्या आवाजाला जी धार चढायची, ती काही नुसत्या मजुरीसाठी नव्हती.

यंदा शेषरावाने तालुक्याहून भोंगा आणला. एकदा आवाज भरला की तो बॅटरीवर दिवसभर वाजणार. आवाज कोणाचा भरायचा, हे विचारायची गरजच पडली नाही. ग्यानबा फुलून गेला. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, हे त्याच्या गावीही नव्हतं. धुतलेला सदरा घालून तो भोंग्याच्या आवाज भरायच्या डबीसमोर उभा राहिला. आता हे सगळं गाव ऐकणार, बायाबापड्या ऐकणार, म्हणून साऱ्या शिव्या गिळून तो अदबीने म्हणाला, "वांदरहो, इथं हरभरा हाये. तुमी दुसरीकडं जा बरं. राम राम."

शेषराव खूश झाला. "आता घरी आराम कर," असं ग्यानबाला सांगून तो चार दिवस लेकीकडे रिठदला निघून गेला. दोन दिवस वानरं फिरकली नाहीत. तिसऱ्या दिवशी थोरला मेहुणा भोंग्यावर बसून निवांत घाटे सोलत होता.

इकडे आराम काही ग्यानबाला मानवेना. तो कोंबड्यांवर ओरडला, भिंतीवर ओरडला, लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या पाहुण्याला त्याने फाटकातूनच हाकलून लावलं. बायकोने, रुख्मिणीने, कानात कापूस घातला. वारा फिरला की वावरातून त्याचाच आवाज यायचा, राम राम. आवाज वावरात आहे, मग घरी बसलाय तो कोण? जेवणावरून त्याचं मन उडालं.

पाचव्या दिवशी त्याला राहवलं नाही. वावरात जाऊन पाहतो तर सगळं सासर पंगतीला बसलेलं. ग्यानबा पेटला, पण वानरांवर नाही, भोंग्यावर. तो म्हणे राम राम, हा वानरांकडे पाठ फिरवून घाली शिव्या. दोघं एकाच आवाजात तासभर भांडले. भोंगा बॅटरीवरचा, त्याला काय होतंय? दुपारी रुख्मिणी भाकरी घेऊन आली तेव्हा ग्यानबाच्या घशातून नुसती हवा येत होती. तो बांधावर बसून ढसढसा रडला, पण त्याचाही आवाज आला नाही.

मग धोतराने डोळे पुसून, घरी जावं म्हणून तो उठला आणि जाता जाता त्याची नजर कळपाकडे गेली. थोरल्या मेहुण्याने मान वर करून पाहिलं. हातातले घाटे टाकून तो कडुनिंबावर पळाला, आणि त्याच्यामागे सासू, मावससासू, लेकरंबाळं, सगळा कळप. ग्यानबाला काही समजेना. तो मान खाली घालून बसला. कळप उतरला. तो उभा राहून पाहू लागला. कळप पळाला.

शेषराव त्याच दिवशी जीपमधून उतरून थेट वावरात आला, तर हा गडी भर उन्हात उठाबशा काढतोय आणि भोंगा राम राम करतोय. हे काय चाललंय, असं त्याने विचारलं. ग्यानबाने तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी रुख्मिणीच बोलली.

"घशाले कोनी भेत नाई, भाऊ. हे वांदरायकडं पायतात, म्हणून भेतात थे. तुमच्या भोंग्याले डोळे हायेत काय?"

शेषरावाने उघड्या पडलेल्या हरभऱ्याकडे पाहिलं. मग त्याने जाऊन भोंगा बंद केला. ग्यानबा आपल्या घशाकडे बोट दाखवून, माझ्याकडे आता काहीच उरलं नाही, अशा अर्थाने मान हलवत होता.

"उद्या सकाळीच येजो," शेषराव म्हणाला. "आवाज नसला तरी येजो."