दगड कोरडाच कापायचा

जिथं दगड साठतात तिथं किस्सेही साठतात, आणि दोन्ही आवरायला कुणाला वेळ नसतो. हिंगोलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या लॅबचं तेच झालंय. आमच्याकडे हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा आहे. डोळ्याला न दिसणारे प्रकाशाचे शेकडो पट्टे तो टिपतो आणि त्यावरून दगडात कोणतं खनिज आहे ते कळतं. आम्ही रेअर अर्थ शोधतो. दगड कापायला सेनगावचे सुदाममामा आहेत. ते सारखे खोकतात, आणि हल्ली तर ऐकवत नाही.

*

रेअर अर्थ म्हणजे मराठीत दुर्मिळ मृदा, असं मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं.

"मृदा म्हंजी मातीच ना, ताई?"

"हो."

"मंग दुर्मिळ काहून? माझ्या घरात झाडून झाडून सरंना."

*

एकदा एका नमुन्याचा आलेख असा काही आला की साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. दोन तास नुसती फोनाफोनी. शेवटी मामांनी दगड नखानं खरवडला आणि म्हणाले, "ह्याला शेंदूर हाय."

कॅमेऱ्याला फक्त वरचा थर दिसतो. आम्ही कुणाच्या तरी बांधावरचा देव उचलून आणला होता.

"परत ठिवून येऊ का?" मामांनी विचारलं.

"नंबर पडलाय," साहेब म्हणाले. "आता तो नमुना आहे."

मामांनी हात जोडले आणि करवत चालू केली.

*

करवतीवर पाणी सोडलं की धूळ उडत नाही. पण दगड ओला असला की कॅमेऱ्याला पाणीच दिसतं, खनिजाची खूण झाकली जाते. वाळवण्यात दिवस मोडतो. म्हणून "कोरडंच कापा" असा साहेबांचा हुकूम. मामांना तो रोज सांगायची मी.

एकदा ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरे होऊन बाहेर आले. मी म्हणाले, "काय मामा, पावडर लावून कुणाच्या लग्नाला?"

तोंडावरची दस्ती सोडत ते म्हणाले, "कोन बोलावतंय, ताई. खोकतो म्हनून पंगतीत शेजारी कोनी बसंना."

सगळे हसले. मीही हसले, आणि त्याची मला आजही लाज वाटते. त्याच दिवशी मी चांगल्या मास्कची मागणी वर पाठवली. ती अजून वरच आहे.

*

मग मामा आठवडाभर आलेच नाहीत. सोमवारी आले ते एक मोठं पाकीट घेऊन. मी कॅमेऱ्याच्या खोलीत गेले, तर ट्रेवर दगडांच्या रांगेत त्यांनी आपल्या छातीचा एक्स-रे ठेवलेला. नमुन्याला चिकटवतो तशी चिठ्ठी लावून, पुढचा नंबर टाकून.

"डॉक्टर म्हनला, छातीत दगडाची धूळ बसली. कोनत्या दगडाची, म्हनलं, तर त्याला सांगता येईना. म्या म्हनलं, आमच्या ताईला येतं."

मामांनी स्वतःच कॅमेऱ्याचे दिवे लावले.

"चालू करा, ताई. आपन इतके दिस जे हुडकून राहिलो, ते तिथं तर न्हाई ना गेलं?"