फक्त ऐब सांगायचे

आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी रोज साचतात, प्लास्टरची धूळ आणि किस्से. धूळ संध्याकाळी झाडता येते. किस्से झाडायला गेलं की आणखी चार खाली पडतात! हल्ली त्यातले हसवणारे कमी आणि बोचणारेच जास्त निघतात. तरी सांगतो, कारण सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझी परभणीत दातांची लॅब आहे. डॉक्टर मापं पाठवतात, मी कवळ्या आणि कॅपा बनवतो. रविवारी डॉक्टरांना सुट्टी, त्यामुळे तिथं आमचा अड्डा भरतो. अड्डा कसला, तर तळहातावर मावतील अशा गाड्यांचा! मोठ्या कंपन्या ज्या गाड्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत, त्यांचे किट काही हौशी लोक घरीच बनवतात. दोन द्रवं मिसळून रेझिन करायचं, साच्यात ओतायचं, घट्ट झालं की डब्यात भरून कुरिअर. जोडायचं आणि रंगवायचं आपण.

आम्ही चौघं. मी, डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज असलेला सलीमभाई, चुडाव्याचा विठ्ठल आणि कांबळे सर. विठ्ठल बँकेत क्लार्क आहे, पण घरी अजून शेळ्या-मेंढ्या आहेत. सरांनी वालूरच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवली.

नियम एकच, तोही सरांनी घातलेला. नवीन किट हातोहात फिरवायचं आणि फक्त ऐब सांगायचे. कौतुक बंद! सर म्हणायचे, "कौतुक करायला घरचे हायत की. इथं आलास तर ऐब घेऊन जा." किट ज्याचं, त्यानं तोंड उघडायचं नाही.

सरांचं स्वतःचं एक किट मात्र कपाटात तसंच पडून होतं. जीप. सर आणि त्यांच्या मिसेस, दोघंही वालूरला शिक्षक. तेव्हा सेलूहून रोज काळ्या-पिवळ्या जीपनं जायचे, बाई पुढं, सर मागं लटकून. बाई गेल्यावर सरांनी ते किट मागवलं होतं. विचारलं की म्हणायचे, "ती शेवटाला करीन. हात बसला पाहिजे आधी."

* * *

सलीमभाईनं एकदा जुन्या टॅक्सीचं किट मागवलं. ऐन मे महिन्यात! डबा कुरिअरवाल्याच्या पत्र्याच्या खोलीत पडून राहिला. उघडून बघतो तर टॅक्सीचं छत मधोमध खाली बसलेलं. सलीमभाईनं बनवणाऱ्याला फोन लावला. तो बिचारा म्हणाला, "मी पाठवली तेव्हा सरळ होती हो!"

सलीमभाई म्हणाला, "मियाँ, हमारे परभणी में मई में आदमी बैठ जाता, तेरी टॅक्सी क्या चीज है!"

आम्ही खो खो हसलो. मग आठवलं, गॅरेजसमोरचा रसवंतीवाला त्याच आठवड्यात ऊन लागून गेला होता. हसू तिथंच थांबलं. सरांनी गरम पाणी मागवलं, छत त्यात बुडवून बोटांनी हळूहळू सरळ केलं आणि निकाल दिला, "किट बरोबर हाय. डबा पातळ हाय."

* * *

विठ्ठलच्या ट्रकची गोष्ट वेगळी. बनवणाऱ्यानं रेझिनमध्ये घट्ट करणारं द्रव कमी घातलं असावं. ट्रक हाताला चिकटायचा, काही केल्या वाळायचाच नाही. विठ्ठलनं तो गावी नेऊन अंगणात उन्हात ठेवला आणि जेवायला बसला. तेवढ्यात मेंढ्या आल्या. एकेकीनं येऊन अंग घासलं!

बाहेर येऊन बघतो तर ट्रकला वरून खालपर्यंत लोकर. विठ्ठल डोक्याला हात लावून बसला. त्याचे वडील बाजेवर पडल्या पडल्या बघत होते. दुखणं पोटातलं होतं, सगळ्यांना माहीत होतं. ते म्हणाले, "इठ्ठला, हिची लोकर कवा कातरायची रं?"

पुढच्या महिन्यात म्हातारा गेला. ट्रक आमच्याकडे ऐब काढायला आला. सर म्हणाले, "हे किट हिशोबात धरायचं न्हाई." तो ट्रक विठ्ठलच्या घरी टीव्हीवर आहे, लोकरीसकट.

* * *

मानवतला अडत दुकानात मुनीम असलेला एक गृहस्थ आमच्याबद्दल ऐकून स्वतःच एसटीनं आला. फावल्या वेळात किट बनवायचा. पहिलंच किट, रुमालात गुंडाळून आणलेलं. आम्ही फिरवलं. बुडबुडा नाही, छिद्र नाही, खिडक्यांच्या कडा पातळ. मला तर हेवाच वाटला. सरांनी ते डोळ्यांच्या रेषेत धरलं आणि म्हणाले, "उजवा दिवा केसभर खाली हाय."

मुनीमानं मान हलवली, चहा घेतला आणि गेला. काही दिवसांनी त्याचा फोन आला. "सर, तुमी सांगूस्तर मला ते दिसलंच नव्हतं. आता कोणत्याबी गाडीकडं बघितलं की तेच दिसायलंय. साचा फोडून टाकला मी."

त्यानं किट बनवणं कायमचं सोडलं. सर तीन-चार रविवार आले नाहीत. आले तेव्हा म्हणाले, "ऐब खरा होता रे. पण माणूस मोडला." तरी नियम त्यांनी बदलला नाही. मला त्यांचा राग आला होता, आजही थोडा आहे.

* * *

म्हणूनच पुढं जे झालं त्याचा आम्हाला इतका आनंद झाला! मी एका बसचं किट आणलं होतं. मागच्या खिडकीखाली चांगलं ज्वारीच्या दाण्याएवढं भोक. सर यायच्या आधीच सलीमभाईनं ते बघून माझी भरपूर टर उडवली. मग बस सरांकडे गेली. त्यांनी ती फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाले, "साफ हाय. छान हाय."

कौतुक! सरांच्या तोंडून! आम्हाला वाटलं, मुनीमाचं प्रकरण मनाला लागलं, म्हातारा विरघळला. विठ्ठल पळत जाऊन पेढे घेऊन आला. सलीमभाईनं सरांना मिठी मारली. "आज तो ईद हो गई!" सरही पेढा खाऊन हसले.

पेढे आणायच्या ऐवजी आमच्यापैकी एकानं तरी सरांच्या डोळ्यांकडे बघायला हवं होतं. काचबिंदू होता. सलीमभाई त्यांना नांदेडला घेऊन गेला तोवर एक डोळा जवळपास गेलेला, दुसरा जायला निघालेला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही.

परतीच्या वाटेवर सर एवढंच बोलले, "आता जीप करायला पाहिजे."

* * *

सर बोटांनी ऐब काढायला लागले. नख फिरवायचे आणि जिथं थांबायचे तिथं हमखास काहीतरी निघायचं. एकदा टेबलावरच्या पसाऱ्यात गाड्यांच्या सुट्या भागांबरोबर माझी एक कवळी राहिली होती. सरांनी उचलली, चाचपली.

"ह्या गाडीचं बंपर कुण्या माणसाच्या तोंडात बसवायचं हाय का रे?"

आम्ही हसून बेजार! सर मात्र चाचपतच होते. "डाव्या अंगानं उंच हाय. जेवताना बोचंल त्याला."

खरंच उंच होती. मी घासून दिली. त्या दिवशी सर घरी जायला उठले आणि दाराऐवजी कपाटाकडे चालायला लागले. हात धरला तर त्यांनी झटकला. "रस्ता म्हाईत हाय मला."

* * *

जीपला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. सलीमभाई अक्षरशः गयावया करायचा, "सर, फक्त रंग मी मारतो. माझा धंदाच हाय तो!" सर म्हणायचे, "रंग माझाच लागणार. ती कशी दिसायची, ते तुला काय म्हाईत?" बाटल्या त्यांनी स्वतःच ओळखीच्या करून ठेवल्या होत्या, पिवळ्याला एक रबरबँड, काळ्याला दोन.

पावसाळा संपता संपता एका रविवारी सर रिक्षातून उतरले. छातीशी डबा धरलेला. टेबलाशी बसले, झाकण काढलं आणि जीप मधोमध ठेवली. जोडणी अशी की कुठं सांधा दिसेना. खालचा भाग काळा कुळकुळीत. छत गुलाबी.

नातीला आईस्क्रीमची गाडी करून द्यायला त्यांनी मागे गुलाबी रंग आणला होता, तोच. पिवळ्याचं रबर कधीतरी निसटलं असणार. सफाईदार हात मारलेला, कुठं ओघळ नाही, ब्रशची रेघ नाही.  मी उठून उगाच नळ सोडला.

"घ्या," सर म्हणाले. "फिरवा. ऐब सांगा."

जीप फिरली. उभ्या आयुष्यात कुणाच्या रंगाला बरं न म्हणणारा सलीमभाई पंख्याकडे बघत बसला. मी ती पुढं सरकवली. सर वाट बघत होते, मान थोडी तिरकी करून. शेवटी विठ्ठलनं तोंड उघडलं.

"सर, मागल्या चाकापाशी एक बारीक छिद्र हाय."

सरांनी हात पुढं केला. विठ्ठलनं जीप त्यांच्या हातात दिली. त्यांनी डाव्या चाकामागून नख फिरवलं, मग उजव्या. पुन्हा डाव्या. सावकाश, सगळीकडून. मग जीप टेबलावर ठेवली आणि छतावर तळहात ठेवून बसले.

"छिद्र न्हाई रे, विठ्ठल," सर म्हणाले. "कोणता रंग लागलाय?"